रोपणानंतरची राखण

एखादी आई आपले एक मूत्रपिंड मुलाला देते, शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, दोघेही घरी परततात आणि गोष्ट सुखान्त झाली असे सर्वांना वाटते. वस्तुतः कथेचा पूर्वार्ध तेवढा संपलेला असतो. उत्तरार्ध कित्येक वर्षे चालावयाचा असतो, आणि त्यात शल्यविशारदाच्या हस्तकौशल्याइतकेच मोल नळीभर रक्ताच्या वेळेवर झालेल्या तपासणीला असते. ह्या उत्तरार्धाकडे आपल्या समाजाचे पुरेसे लक्ष नाही.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरात बसविले. दोघे एकरूप जुळे असल्याने शरीराने त्या अवयवाला परका मानले नाही. परंतु असा भाऊ किती जणांना असणार? इतरांसाठी प्रतिकारशक्ती दबवून ठेवणारी औषधे शोधावी लागली. १९६० नंतर अ‍ॅझाथायोप्रिन आणि १९८० नंतर सायक्लोस्पोरिन प्रचारात आले. भारतातही १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. तथापि, नव्या अवयवावर चालून जाऊ नये म्हणून ज्या पहारेकऱ्याला गुंगी दिली, तोच विषाणूंनाही अडवीत असतो. त्याला झोपविले की दार सर्वांनाच मोकळे होते.

बरे, हे शत्रू नेहमी बाहेरूनच येतात असेही नाही. सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात निद्रिस्त असतो. दात्याच्या अवयवाबरोबरही तो येऊ शकतो. जागा झाला की ताप, पांढऱ्या पेशींची घट, फुप्फुसांना किंवा आतड्यांना इजा असे त्याचे उपद्रव सुरू होतात. त्यावर औषध आहे. पण ते वेळीच सुरू व्हावयास हवे. म्हणून काही रुग्णालये पहिले काही महिने प्रतिबंधक औषध देतात, तर काही ठिकाणी सुमारे तीन महिने दर आठवड्याला रक्त तपासून विषाणू दिसताच उपचार करतात.

दुसरा बीके विषाणू अधिक कावेबाज म्हणावा लागेल. १९७१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी मूत्रपिंडरोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरूनच त्याचे नाव पडले. तो आधी लघवीत, मग रक्तात दिसतो आणि त्यानंतर मूत्रपिंड पोखरू लागतो. ताप नाही, वेदना नाही. क्रिएटिनिन वाढल्याचे कळेपर्यंत बरीच हानी झालेली असते. त्याच्यावर खात्रीचे औषध अद्याप नाही. प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे कमी करणे हाच मुख्य उपाय होय. पेच असा, की ती फार कमी केली तर शरीर अवयव नाकारते. आणि विषाणूच्या उपद्रवाला चुकून अवयवनाकार समजून औषधे वाढविली, तर विषाणूच बळावतो. ह्या तारेवरच्या कसरतीत अंदाज उपयोगाचा नाही, मोजमापच हवे. म्हणूनच पहिले काही महिने दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

मोजमापाचे साधन आज उपलब्ध आहे. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीने रक्तातील विषाणूंचे प्रमाण आकड्यांत सांगता येते. मात्र एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी प्रमाण नमुने ठरवून दिले असले तरी तफावत उरतेच. यास्तव रुग्णाने शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, हे त्याला सोप्या शब्दांत समजावून सांगावयास हवे.

जेथे साधा दवाखाना दुर्मीळ, तेथे एवढ्या महागड्या तपासण्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरवाजवी नाही. परंतु रोपित मूत्रपिंड गमावलेल्या रुग्णापुढे पुन्हा डायलिसिस येते, आणि आईला दुसऱ्यांदा देण्याजोगे मूत्रपिंड नसते. लाखो रुपये खर्चून आणि एका जिवंत माणसाचे दान घेऊन उभे केलेले यश तपासणीअभावी गमावणे, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी होय.

मग करावयाचे काय? शस्त्रक्रियेसाठी निधी जमविणाऱ्या संस्थांनी आणि शासकीय योजनांनी निदान पहिल्या वर्षाच्या तपासण्यांचा खर्च त्या निधीतच धरावा. २०२० च्या कोविड साथीत जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर यंत्रे बसविली गेली. प्रशिक्षित माणसे आणि आवश्यक रसायने पुरविली तर ती ह्या कामी लावता येतील, आणि खेड्यातील रुग्णाची मुंबई-पुण्याची खेप वाचेल. आपल्या शाळेतील किंवा कचेरीतील एखादा सहकारी दर महिन्याला तपासणीसाठी अर्धा दिवस रजा मागत असेल, तर कपाळाला आठी न घालता ती मंजूर करणे, एवढे तर कोणालाही जमण्यासारखे आहे.

पेरणीचा उत्साह सगळ्यांनाच असतो. पीक घरात येते ते मात्र रात्रंदिवस केलेल्या राखणीमुळे. अवयवदानाचा गौरव करणाऱ्या समाजाने ह्या राखणीचीही जबाबदारी उचलली पाहिजे.