‘शीळ’ आधी, पुस्तक मागाहून

दिवाळीच्या सुमारास आमच्या मारेगावात कापूस वेचणीची घाई असते. अशाच एका संध्याकाळी माझा एक विद्यार्थी घरी आला. पोरगा गुणी आहे. गाणे स्वतः लिहितो, चालही स्वतःच लावतो आणि जीव ओतून गातो. त्याला आपले पहिले गाणे ध्वनिमुद्रित करायचे होते.

“सर, बाबा म्हणतात, मारेगावात राहून कुठं गाणं होतं काय? आधी डिग्री घे. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

असे कोणी विचारले की आम्हां मास्तर मंडळींना उपदेशाचा मोह होतो. मी तो आवरला आणि त्याला एका तबकडीची गोष्ट सांगितली.

आपल्याच वऱ्हाडातले मेहकर. तिथे ना. घ. देशपांडे नावाचे कवी राहत. जन्म १९०९ चा, पेशा वकिलीचा. ऐन तारुण्यात त्यांनी ‘शीळ’ ही कविता लिहिली. ती जी. एन. जोशी या तरुणाच्या मनात भरली. जोशीही कायद्याचेच पदवीधर! त्यांनी कवितेला स्वतः चाल लावली, स्वतःच ती गायिली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा आरंभ अनेक जाणकार याच तबकडीपासून मानतात.

त्यात एवढे नवे काय होते? त्या काळी कानांत घुमत होते ते नाट्यसंगीत. नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, तर आवाज चढा हवाच. तबकडीसाठी गाणाऱ्यालाही पूर्वी कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. पुढे १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन बसला. आता हळुवार बोललेलेही टिपले जाऊ लागले. कवितेला हवा असतो तो हाच आवाज, एकाने एकालाच काही सांगावे असा. तबकडीच्या एका बाजूला मिळत तीन-सव्वातीन मिनिटे. ख्याल गाणाऱ्याला ती अपुरी वाटत. चार कडव्यांच्या कवितेला मात्र बेतून शिवल्यासारखी बसली.

गंमत पुढेच आहे. देशपांड्यांचा पहिला संग्रह निघाला १९५४ साली, नावही ‘शीळ’च. म्हणजे पुस्तक येण्यापूर्वी वीसएक वर्षे कवीचे शब्द घरोघरी जाऊन बसले होते! कवी मात्र मेहकरलाच राहिला. १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही मेहकरच्याच पत्त्यावरच्या माणसाला.

जोशी मात्र मुंबईला गेले. त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि कितीतरी बुजुर्ग गवयांना त्यांनी मायक्रोफोनपुढे बसवले. संतूर, बासरी आणि गिटार यांची ती गाजलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली.

पोरगा गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, “सर, म्हणजे मी देशपांडे व्हायचं की जोशी?”

प्रश्न मोठा अवघड. गाव सोडल्यावाचून जोशी घडले नसते आणि गावात राहून देशपांड्यांचे काही अडले नाही. पण त्यांना पुस्तकासाठी थांबावे लागले, हेही खरेच. आज मोबाइलवर गाणे क्षणात जगभर जाते. ते कोणाच्या मनात वीस वर्षे राहील का, ही काळजी मात्र तशीच आहे.

“ते आत्ताच ठरवायला नको,” मी म्हटले. “बाबांना एवढेच सांग, त्या दोघांनीही पदवी घेतली होती.”

तो हसला. “आणि गाणं?”

“ते म्हण की आता! पण जरा हळू. मी काही शेवटच्या रांगेत बसलेलो नाही.”

त्याने डोळे मिटले आणि सूर धरला. पहिले कडवे उत्तम होते. दुसरे अजून कच्चे आहे. पुढच्या रविवारी ते नीट करून आणतो, असे सांगून गेला आहे.