सकाळी वर्ग, दुपारी कचेरी : वकिलाकडे काम करीत कायद्याची पदवी

दोन वर्षांपूर्वी, वर्षावासातील एका रविवारी, आपल्या वसतिशाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. दहावी होऊन त्याला पंधरा वर्षे झाली. बारावीनंतर वडील गेले, घर त्याच्यावर आले, आणि तालुक्याच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे तो कारकून म्हणून लागला. बी. ए. त्याने मुक्त विद्यापीठातून पूर्ण केले. चहा झाल्यावर त्याने मूळ विषय काढला. "सर, वकील व्हायचंय. पण पगार सोडला तर घर चालणार नाही. एक ओळखीचा म्हणतो, अमक्या कॉलेजात नाव घाल, फक्त परीक्षेला ये, हजेरीचं ते बघून घेतात. तेवढे पैसे द्यायचे. घालू का नाव?"

मी इतिहासाचा शिक्षक, वकील नव्हे. त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढील महिनाभर अधिवक्ता अधिनियम वाचला, भारतीय विधिज्ञ परिषदेचे विधी शिक्षणाविषयीचे नियम वाचले, वकिली करणाऱ्या आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांना त्रास दिला. असाच प्रश्न घेऊन बसलेली आणखी मुलेमुली आपल्या समाजात आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याला जे सांगितले ते येथे जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "पूर्वी लोक नोकरी करून एलएल. बी. झाले, मग आता का नाही?" असे वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि ते खोटे नाही. स्वतः बाबासाहेबांनी कायद्याचे शिक्षण कधी निवांतपणे घेतले नाही. 1916 साली ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले, त्याच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास चालू होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईत वकिली करीत असताना त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकविला, 1928 पासून शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले, आणि 1935 मध्ये ते तेथील प्राचार्य झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते सकाळच्या वर्गांसह. दिवसा कारकुनी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. त्याच संस्थेचे विधी महाविद्यालय 1956 चे. आपल्या समाजातील वकिलांची एक आख्खी पिढी अशा सकाळ-संध्याकाळच्या वर्गांतून तयार झाली.

मात्र नियम बदलले आहेत. विधी शिक्षण नियम 2008 नुसार वकिलीची सनद मिळवून देणारी एलएल. बी. ही नियमित उपस्थितीची पदवी आहे. 'अंशकालीन एलएल. बी.' असे काही आज उरलेले नाही. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने घेतलेली कायद्याची पदवी सनदेसाठी चालत नाही. निवासी नसलेल्या महाविद्यालयात वर्ग सकाळी 8 ते सायंकाळी 7 या वेळेतच घ्यावे लागतात, आणि आठवड्याला किमान 30 तासांचे अध्यापन, त्यांत निदान 24 तास व्याख्यानांचे, असा दंडक आहे. म्हणजे रात्रीचे विधी महाविद्यालय आता कागदावर संभवत नाही. सकाळचे मात्र संभवते. आठ ते एक असे वेळापत्रक असलेली महाविद्यालये आहेत, आणि काम करणाऱ्याची सारी आशा त्या पाच तासांवर आहे.

आता हजेरीचे गणित. नियमानुसार सत्रान्त परीक्षेस बसण्यासाठी 70 टक्के उपस्थिती लागते. अपवादात्मक कारणासाठी एखाद्या विषयात 65 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण एकूण उपस्थिती तेव्हाही 70 टक्के हवी. हा दंडक असावा की नसावा, यावर न्यायालयांत वाद होत असतात. विद्यार्थ्याने त्यावर विसंबू नये. तीस तासांचे सत्तर टक्के म्हणजे एकवीस तास. आठवड्यात नऊ तास बुडाले तरी चालतील, रोज दीड तास आधी निघून कोर्ट गाठू, असे माझ्या विद्यार्थ्याने बोटांवर मोजले आणि तो खूश झाला. शिक्षक म्हणून मला त्यातली खोच चटकन दिसली. सत्तर टक्के हे दर विषयात स्वतंत्रपणे मोजले जातात. रोज शेवटचा तास सोडून पळणाऱ्याचे एकूण गणित जुळेल, पण शेवटच्या तासाला जो विषय वेळापत्रकात वारंवार येतो त्यात तो हमखास अडकेल. म्हणून प्रवेश घेताच पहिले काम वेळापत्रक उतरवून घेण्याचे. कोणते तास सोडावयाचे ते विषयवार वाटून घ्यावे, आणि कोर्टातल्या महत्त्वाच्या तारखांसाठी थोडी शिल्लक ठेवावी. आजारपण त्या शिल्लकीतूनच जाते, हेही लक्षात असू द्यावे.

आणि मग त्याच्या मूळ प्रश्नाकडे यावे लागते. नुसते नाव घालून परीक्षेला जाण्यात काय बिघडते? सप्टेंबर 2024 मध्ये विधिज्ञ परिषदेने परिपत्रक काढून महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी आणि कॅमेरे बसविण्यास सांगितले. विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत काय, दुसरी नियमित पदवी एकाच वेळी करीत आहोत काय, हे जाहीर करावयाचे आहे. नोकरी असल्यास मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावयाचे आहे. नोकरी करणे हा गुन्हा नव्हे. ती लपविणे धोक्याचे आहे. खोट्या हजेरीवर मिळविलेली पदवी आयुष्यभर कुणाच्या तरी हातात दोरी देऊन ठेवते. मी एक असा गृहस्थ पाहिला आहे. पंचेचाळिशी उलटली, हुशार माणूस, पण विरोधी पक्षाचा वकील कधी तक्रार करील या धास्तीने तो मोठी केस घेत नाही. आपल्या माणसाच्या पदवीकडे तसेही संशयाने पाहणारे डोळे कमी नसतात. त्यांना खरे कारण आपण कशाला द्यावे?

प्रवेशाचे तपशील थोडक्यात सांगतो. पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि बारावीनंतर पाच वर्षांचा, अशा दोन वाटा आहेत. महाराष्ट्रात दोहोंसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आधीच्या परीक्षेत खुल्या वर्गास 45 टक्के, इतर मागासवर्गास 42 आणि अनुसूचित जाती-जमातींस 40 टक्के गुण हवेत. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी-बारावी रीतसर झालेली असेल तरच. बारावी न होता पूर्वतयारी करून थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांना नियम 5 चे स्पष्टीकरण अडविते. आपल्याकडील कितीतरी भगिनींनी लग्नानंतर अशाच मार्गाने बी. ए. केले आहे. त्यांच्यावर हा नियम अन्याय करतो असे माझे मत आहे. पण नियम तो आहे, आणि तो प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

आता कामाविषयी. वकिलाचा कारकून कोर्टात काय करतो हे पालकांना सहसा माहीत नसते. सकाळी बोर्ड पाहून कोणती प्रकरणे कितव्या क्रमांकावर आहेत ते टिपणे, कोर्ट फीचे तिकीट लावून दावा दाखल करणे, नकलांसाठी अर्ज देणे, रोजनामा पाहून पुढील तारीख डायरीत चढविणे, समन्स बजावले की नाही याचा बेलिफाकडे पाठपुरावा करणे, कैफियत आणि प्रतिज्ञापत्रे टंकून घेणे. यांतले काहीही कायद्याच्या पुस्तकात शिकवीत नाहीत. पण न्यायाधीशांसमोर पक्षकारातर्फे उभे राहणे, बाजू मांडणे, हे त्याने करावयाचे नाही. अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 33 नुसार वकिलीचा अधिकार केवळ नोंदणीकृत अधिवक्त्यास आहे, आणि कलम 45 खाली बेकायदा वकिलीस सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थीही या बाबतीत साध्या कारकुनाहून वेगळा नाही. गावाकडचे लोक त्याला 'वकीलसाहेब' म्हणू लागतात, आणि तेथेच पाय घसरतो.

कारकुनीचा अनुभव अभ्यासात किती उपयोगी पडतो? मसुदा, अभिवचने आणि दस्तलेखन, पर्यायी तंटानिवारण, व्यावसायिक नीती, अभिरूप न्यायालय हे चार प्रात्यक्षिक विषय सर्वांना सक्तीचे आहेत. तेथे कारकून इतरांच्या पुढे असतो. वकीलपत्र कसे दिसते हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नसते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची आंतरवासिता लागते, तिलाही त्याचा सराव आहे. गाडी अडते ती इतरत्र. न्यायशास्त्र आणि संविधान यांतले प्रश्न 'का' असे विचारतात, आणि कचेरीत नऊ वर्षे 'कसे' एवढेच शिकलेले असते. शिवाय पाठ असलेली कलमेही आता दगा देतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे 302 आता 103 झाले, फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये गेले, पोटगीचे 125 नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले. जुनी प्रकरणे जुन्या कलमांखाली चालू असल्याने दोन्ही संच डोक्यात ठेवावे लागतात. इंग्रजीचा प्रश्न तर आहेच. तालुका कोर्टाचे कामकाज मराठीत चालते, पण उच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत आहेत. उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा असली तरी निवाडा मुळातून वाचता आलाच पाहिजे. रोज एक पान, शब्दकोश जवळ घेऊन, याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पदवीनंतर राज्याच्या विधिज्ञ परिषदेत नोंदणी आणि मग अखिल भारतीय वकिली परीक्षा. नोंदणी शुल्काबाबत एक गोष्ट प्रत्येक पालकाने लिहून ठेवावी. कायद्यात हे शुल्क खुल्या वर्गास एकूण 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींस एकूण 125 रुपये आहे. तरीही राज्याराज्यांतील परिषदा निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत असत. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितले की कायद्यात लिहिले आहे त्याहून अधिक शुल्क घेता येणार नाही, आणि असे वाढीव शुल्क दुर्बल वर्गांना व्यवसायाबाहेर ठेवते. मुद्रांकाचा खर्च वेगळा पडतो. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या आहेत, तेव्हा जातीचा दाखला व्यवस्थित असल्यास हा लाभ आपल्यालाही आहे. हे वाचताना मला 1923 सालचे बाबासाहेब आठवले. बॅरिस्टर होऊन आलेल्या त्या विद्वानापाशी सनद घेण्यापुरते पैसे नव्हते, ते नवल भथेना यांनी दिले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे.

सनद हाती आल्यावर मात्र कारकुनाचा पगार चालू ठेवता येत नाही. परिषदेच्या नियम 49 नुसार अधिवक्त्याने पूर्णवेळ पगारी नोकरी करावयाची नाही. त्याच वकिलांकडे, त्याच टेबलाशी, पण कनिष्ठ वकील म्हणून बसावे लागते, आणि पगाराऐवजी मानधन किंवा कामापुरते पैसे मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये परिषदेने कनिष्ठांना शहरी भागात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी किती ज्येष्ठ ती पाळतात हे विचारू नये. म्हणून शिकत असतानाच्या तीन वर्षांपेक्षा सनदेनंतरची पहिली दोन वर्षे घरासाठी अधिक कठीण जातात. आमच्या विद्यार्थ्याला मी सांगितले की बचत करावयाची ती फीसाठी नव्हे, त्या दोन वर्षांसाठी कर. फीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा आणि स्वतःचा पगार यांचा मेळ मात्र अर्ज भरण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावा.

त्याने त्या ओळखीच्या माणसाला नकार कळविला. मग आपल्या वकीलसाहेबांपाशी बसून सरळ बोलला. ते थोडे रागावले. नऊ वर्षांचा तयार माणूस सकाळचा हातातून जाणार होता. शेवटी ठरले असे : सकाळचे बोर्ड आणि पुकारा दुसरा मुलगा पाहील, हा दीड वाजता कोर्टात येईल, दुपारच्या सत्रापासून रात्री आठपर्यंत कचेरी सांभाळील, आणि पगार एक-चतुर्थांश कमी. ना-हरकत पत्र त्यांनी स्वतः टंकून दिले. पुढच्या वर्षी त्याने प्रवेश परीक्षा दिली, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवेश मिळाला. तालुक्याहून पहाटे साडेसहाची एस. टी. तो धरतो.

पहिल्या सत्रात सगळे विषय सुटले. दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात संविधानाचा तास आठवड्यातून चार दिवस शेवटी आला आहे, नेमका त्याच्या परतीच्या एस. टी.च्या वेळेला. असे काम करणारे वर्गात आणखी सात जण निघाले. आठही जणांनी सही करून प्राचार्यांना अर्ज दिला. मसुदा अर्थातच याने केला, आणि मागण्या परिच्छेदवार, क्रमांक घालून, कोर्टाच्या अर्जासारख्या लिहिल्या. स्मरणिका छपाईला जाईपर्यंत त्यावर निर्णय आलेला नाही.