चाकाचे तीन फेरे, स्ट्रॉचे सोळा

पावसाळ्यातल्या रविवारी भिवपुरी रोड स्टेशनच्या आसपास उभं राहिलं, की आषाणेच्या धबधब्याकडे निघालेल्या बाइक मोजायला मजा येते. हँडल उंच केलेलं, मागचा मडगार्ड कापलेला, सायलेन्सर भलताच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या बदलांवर बंधन घालतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं; पण रविवारी सकाळी ते कुणाला आठवत नाही. मला वेगळंच कुतूहल असतं. एवढी फिरवाफिरव केल्यावर ही गाडी हायवेवर तासभर सलग किती पळवायची, हे ठरवलं कोणी? विचारलं की उत्तर ठरलेलं: "शंभरला आरामात जाते."

नेरळच्या एका मुलाची अशीच शंभरला आरामात जाणारी बुलेट याच भागातल्या एका गॅरेजमध्ये आली होती. जुनं कास्ट आयर्न इंजिन, ३५० सीसी, चार गिअर, गिअरचा पाय उजवीकडे. मागे मूळ एकोणीस इंची चाकाच्या जागी ॲव्हेंजरचं पंधरा इंची जाड टायर. स्पीडोमीटरची सुई कीर्तनात रंगल्यासारखी डुलत होती आणि आरपीएमचा काटा तर या गाडीला जन्मतःच नाही. तक्रार एवढीच, की खोपोलीहून येताना इंजिन "कोरडं वाजतं".

मिस्त्रींनी इंजिन सुरूच केलं नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, प्लग काढला, टॉप गिअर टाकला आणि प्लगच्या भोकात शहाळ्याबरोबर मिळते तसली एक स्ट्रॉ सोडली. "लोखंडाची सळई घालू नको कधी," ते मुलाला म्हणाले, "वाकडी अडकली तर पिस्टनला भोक." मग टायरवर खडूची रेघ मारून मागचं चाक हाताने सावकाश फिरवायला लावलं. आत पिस्टन वर आला की स्ट्रॉ उचलली जायची, खाली गेला की बसायची. चाकाचे तीन फेरे झाले तेव्हा स्ट्रॉ सोळा वेळा वर आली होती. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सव्वापाचाहून थोडे जास्त फेरे.

मग मुलाला गाडीवर बसवून ती जमिनीवर रेघेपासून रेघेपर्यंत ढकलली आणि टेप लावला. १ मीटर ८८ सेंटिमीटर. मूळ चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या आसपास जातं. बारा सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण ताशी ८० किलोमीटरला मिनिटाला १,३३३ मीटर कापायचे असतात. कॅलेंडरच्या मागे हिशेब झाला: मूळ चाकावर ८० ला इंजिन साधारण साडेतीन हजार फेरे घेतं, या चाकावर पावणेचार हजारांच्या वर. आणि मुलाच्या त्या आरामाच्या शंभरला ४,७००.

हा आकडा वाईट का, ते कळायला पिस्टनच्या जागी जावं लागतं. या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, पण स्ट्रोक ९०. दर फेऱ्याला पिस्टन ९० मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो. ४,७०० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला चौदा मीटर पडतो. यामाहा आरएक्स १०० चा स्ट्रोक अवघा ५० मिलिमीटर. तिचा पिस्टन सेकंदाला दहा मीटर गाठतो ६,००० फेऱ्यांना, बुलेटचा ३,३०० लाच. म्हणून "त्याची गाडी सहा हजारला गाते, माझी का नको" या वादाला अर्थ नाही. शिवाय फेरे वाढले की झटका वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ३,००० वरून ४,००० वर गेलं की फेरे एक-तृतीयांश वाढतात, कनेक्टिंग रॉडवरचा ताण पाऊणपटीहून अधिक. ४,००० ला पिस्टन वरच्या टोकाहून परत फिरतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास हजारपट असतं. हे सगळं झेलायला जुन्या बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे त्या रॉडच्या खालच्या टोकाला, रोलर बेअरिंग नाही, तेलावर तरंगणारा बुश आहे. कंपनीने १८ अश्वशक्ती ५,६२५ फेऱ्यांना लिहिली आहे हे खरं. तिथे इंजिन पोचतं. तिथे त्याने मुक्काम करावा असं कोणी म्हटलेलं नाही.

भिवपुरी कॅम्पला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून आहे. तिथल्या टर्बाइनवर भार कितीही वरखाली झाला तरी गव्हर्नर पाणी कमीजास्त करून फेरे ढळू देत नाही, कारण विजेला ५० हर्ट्‌झ हवेत. बुलेटला गव्हर्नर म्हणजे मालकाचं मनगट.

कोरड्या आवाजाचं मूळ मात्र प्लगवर दिसलं. पांढराफटक. मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवला, पण कार्ब्युरेटरचा मेन जेट जुनाच ठेवला. हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापलं. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या बोअरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो आणि मधली फट असते तीनचार थाऊची, म्हणजे इंचाच्या तीनचार हजारांशांची. ती संपली की इंजिन पकडतं.

जेट मोठा टाकला. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला सोळा दात निघाले. मुलाला अठरा हवे होते, म्हणजे ८० ला फेरे ३,४०० च्या आत येतील. मिस्त्रींनी मान हलवली. पहिला गिअर लांबला की कर्जतच्या गर्दीत क्लच जळतो, आणि बोरघाटात टॉप गिअर नुसता शोभेचा. मला हे पटलं. घाटात चाळीसच्या वेगाला टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळत राहणारे लोक कमी फेऱ्यांत इंजिन सुरक्षित समजतात. ते जे खडखडतं, ती पिस्टनच्या डोक्यावर बसणारी हातोडी असते. तिसरा टाकावा, फेरे वाढू द्यावेत. शेवटी सतरा दात बसले: ८० ला साडेतीन हजारांच्या जरा वर.

एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे चाचणी चौकपासून जुन्या महामार्गावर. वेगासाठी मोबाइलचा जीपीएस, आधी दहा मिनिटं सावकाश, तेल गरम होईपर्यंत. मग ८० वर धरून खोपोलीच्या अलीकडे क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि प्लग काढून पाहिला. कॉफीच्या रंगाचा.

"काका, मग नव्वद?" मुलाने विचारलं.

"ओव्हरटेकपुरता घे की. चौक ते खोपोली नको."