मेबॅक राजवाड्यात, इंजिन वडापात

कोल्हापुरात जुन्या जर्मन गाडीचा विषय निघाला की सगळ्यांचं बोट मेबॅककडे जातं. दसऱ्याला उन्हं कलली की दसरा चौकात पालख्या येऊन टेकतात. मागोमाग नव्या राजवाड्यावरून छत्रपती घराण्याची केशरी मेबॅक येते, आणि सोनं लुटायला जमलेल्या गर्दीतल्या निम्म्यांची नजर आपट्याच्या पानांऐवजी तिच्या बॉनेटवर असते. तिच्यावर लिहून खूप झालंय, फोटोंची तर गणतीच नाही. मला गेली बरीच वर्षं नाद लागलाय तो दुसऱ्याच एका जर्मन वस्तूचा. ओएम ६१६ नावाचं चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं डिझेल इंजिन. ते कुठल्या राजवाड्यात नाही. गगनबावड्याच्या, राधानगरीच्या, चंदगडच्या रस्त्यांवर, टपावर पोती आणि आत मावतील त्याहून चार माणसं जास्त घेऊन ते वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खाजगी वाहतुकीच्या, ट्रॅक्समध्ये जन्मभर राबलं.

तरीही सुरुवात मेबॅकपासूनच करावी लागते, कारण पुढच्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

विल्हेल्म मेबॅक हा डाइमलरचा उजवा हात. १९०१ ची पहिली मर्सिडीज त्याच्या डोक्यातून उतरली. मुलगा कार्ल झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं करत होता. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, व्हर्सायच्या तहानं विमानांची इंजिनं करायला बंदी आली, आणि फ्रिडरिक्सहाफेनचा हा कारखाना हातातलं कसब घेऊन मोटारींकडे वळला. १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत त्यांनी सगळ्या मिळून जेमतेम १,८०० गाड्या केल्या. त्याही पुऱ्या नव्हेत. कारखाना इंजिन, गिअरपेटी आणि चासी द्यायचा. वरची बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या बॉडीबिल्डरकडून चढवून घ्यायची. बहुतेक जण राव्हेन्सबुर्गच्या श्पोनकडे जात.

पतियाळाच्या महाराजांना हिटलरनं मेबॅक भेट दिल्याची कथा सांगतात. त्या एका गाडीची कथा आता हिंदुस्थानातल्या दिसेल त्या मेबॅकला चिकटवली जाते, याचा मला मनस्वी राग येतो. आपल्या संस्थानिकांना स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या अकलेनं चांगली मोटार निवडता येत नव्हती की काय? आमच्या तिसऱ्या राजाराम महाराजांच्या मोटारींच्या शौकाला हिटलरच्या शिफारसपत्राची गरज नव्हती.

मेबॅकची खरी मौज तिच्या गिअरपेटीत आहे. तीसच्या दशकातल्या या गाड्यांच्या स्टिअरिंगच्या मधोमध दोन बारक्या दांड्या असत. पुढचा गिअर त्यांवर आधीच निवडून ठेवायचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की व्हॅक्यूमच्या ओढीनं गिअर आपोआप पडायचा. तेव्हा इतर गाड्यांचे ड्रायव्हर गिअरच्या दांड्याशी कुस्ती खेळत होते.

जर्मनांचा व्हॅक्यूमचा हा शौक पुढंही सुटला नाही. १९७६ च्या जानेवारीत बाजारात आलेली मर्सिडीजची डब्ल्यू १२३ बघा. दहा वर्षांत जवळपास २७ लाख गाड्या निघाल्या, जगभर टॅक्सी म्हणून धावल्या. आपल्याकडे तेव्हा परदेशी गाडी सरळ मार्गानं येणं कठीण. दूतावासांनी वापरून सोडलेल्या गाड्यांचा लिलाव स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन करायचं, नाहीतर आखातात नोकरी केलेला कोणी परत येताना सामानासोबत घेऊन यायचा. अशा वाटांनी आलेल्या, तीन-चार मालकांच्या हातांखालून गेलेल्या २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ च्या डिझेल गाड्या, अजूनही अधूनमधून विकायला निघतात, आणि नादखुळ्या माणसाचं डोकं फिरवतात.

या गाडीत ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर, दारांची कुलपं व्हॅक्यूमवर आणि इंजिन बंद करणंसुद्धा व्हॅक्यूमवर. डिझेल इंजिन स्वतःहून पुरेसा व्हॅक्यूम तयार करत नाही, म्हणून त्याला वेगळा पंप जोडलेला. नळ्या रबराच्या, वय चाळीस-पंचेचाळीस. त्यातली एखादी चिरली की गाडीचा मालक किल्ली फिरवतो, काढतो, खिशात टाकतो, दार लावतो, आणि इंजिन आपलं चालूच! हे भूत नव्हे. बॉनेट उघडून पंपाजवळची ‘स्टॉप’ लिहिलेली कळ दाबायची, की गप्प. पण ज्याला ही कळ माहीत नाही त्याच्या वाड्यासमोर अर्धी गल्ली जमते.

दुसरी तऱ्हा हीटर प्लगची. १९८० च्या आसपासपर्यंतच्या इंजिनांत चारही प्लग एकामागोमाग एकाच वायरीत जोडलेले. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ जाते, तसंच इथं. पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू होत नाही म्हणून लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर खोलतात, आणि दोष सापडतो एका जळक्या प्लगमध्ये.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. या २४० डीच्या बॉनेटखालचं इंजिन म्हणजेच ओएम ६१६. तेच पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेंपोच्या ट्रॅक्समध्ये कसं गेलं? टेल्कोची मर्सिडीजशी भागीदारी सगळ्यांना माहीत आहे. १९५४ ते १९६९ त्यांच्या ट्रकांवर तीन टोकांचा तारा होता. हे इंजिन मात्र त्या वाटेनं आलेलं नाही. ते आलं हांबुर्गहून, आणि फार वळसे घेऊन.

हांबुर्गला विदाल आणि मुलगा अशा नावाची एक पेढी तीनचाकी मालगाड्या करायची. गरिबाची गाडी, टू-स्ट्रोक इंजिन, पुढच्या चाकाला ओढ. मधूनच त्यांना काय सुचे देव जाणे. १९३६ साली त्यांनी पुढं एक आणि मागं एक अशी दोन इंजिनं असलेली, चारही चाकं ओढणारी लष्करी गाडी काढली. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी चालायची. अशा पेढीचं आणि आपल्या मातीचं जमणारच होतं.

जमवलं नगरच्या नवलमल फिरोदियांनी. वकिलीचं शिक्षण, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास. सायकल रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे हाल बघून त्यांनी इटालियन तीनचाकीवरून रिक्षा घडवून घेतली आणि ती मोरारजी देसाईंपुढं नेऊन उभी केली. उद्योगपतींच्या चरित्रांत मला सहसा रस वाटत नाही, पण या माणसाला गाडीत पहिल्यांदा ओझं वाहणारा दिसायचा, मालक नंतर. १९५८ मध्ये बजाज टेंपो स्थापन झाली ती विदालच्या भागीदारीत. हान्सिआट ही त्यांची तीनचाकी हांबुर्गमध्ये केव्हाच बंद पडली होती. आपल्याकडे ती पुढं कित्येक दशकं भाजी, बर्फ, फर्निचर आणि गणपती वाहत राहिली.

तिकडं जर्मनीत मोठा मासा छोट्याला गिळत होता. साठच्या दशकात विदालची पेढी हानोमागच्या पोटात गेली, हानोमाग आणि हेन्शेल एक झाल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही सगळी चळत डाइमलर-बेंझनं उचलली. त्या चळतीच्या तळाशी आकुर्डीच्या कंपनीतला विदालचा वाटा होता. म्हणजे मर्सिडीजवाल्यांनी बजाज टेंपोचा हात मुद्दाम धरलेला नाही. जुन्या घराचा सौदा करताना आउटहाउसमधला भाडेकरू सोबत आला, असा हा प्रकार. पण भाडेकरू हुशार निघाला. ऐंशीच्या दशकात त्यानं मालकाकडून ओएम ६१६ चा परवाना मिळवला, आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलर या इंजिनावर उभ्या केल्या. जर्मनीत डब्ल्यू १२३ १९८६ च्या सुरुवातीला बंद झाली. तिचं इंजिन आकुर्डीत तेव्हा कुठं रांगायला लागलं होतं.

हे सगळं कळल्यावर मी कितीतरी ट्रॅक्सच्या बॉनेटखाली डोकावलो. मेस्त्री लोकांना त्याचं नवल वाटत नाही. त्यांच्या दृष्टीनं ते ‘ट्रॅक्सचं इंजिन’ आहे आणि मर्सिडीजमध्ये बसवलेलं दिसलं तर मर्सिडीजनंच ट्रॅक्सची नक्कल केली असणार. युरोप-अमेरिकेतले २४० डीवाले पिस्टन, हेड, गास्केट यांसाठी जर्मनीतले भाव बघून कपाळाला हात लावतात. वडापच्या मेस्त्रीनं ते सगळं शेकड्यांनी उघडलेलं-मिटलेलं असतं. कोणता बोल्ट आधी सैल करायचा, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स हाताच्या अंदाजानं कुठं चुकतं आणि फीलर गेज कुठं लावलाच पाहिजे, टायमिंग चेन किती ताणली की ऐकू येते, हे त्याला पुस्तकाविना ठाऊक. नोझल आणि पंपाच्या बाबतीतही हेच. नाशिकला मायकोनं इंजेक्टर-नोझल करायला सुरुवात केल्यापासून बॉशचा पंप उघडणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळू लागला.

आणि जे तयार मिळत नाही ते इथं कोल्हापुरात करून मिळतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा गावातच बनवला, त्या गावाला एक बुश कातणं म्हणजे काय मोठं! उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग एका हाकेवर. शिरोलीच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांची कास्टिंगं जातात. मेननचे पिस्टन तिथलेच. संग्राहक ज्याला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात आणि मुंबईत ज्याचे काही लाख मोजतात, त्यातलं यंत्राचं निम्मं काम उद्यमनगरात नेहमीच्या दिवसाच्या रांगेत होऊन जातं. डेंटिंग-पेंटिंगचं तसं नाही. ते घाई करून बिघडवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

आता भांडण. १५ जुलै २०२१ च्या सुमारास केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम राजपत्रात काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, तेल भरणं एवढ्यासाठीच. इथवर मी टाळ्या वाजवतो. पण व्याख्येत पुढं अट आहे की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

मूळ म्हणजे कुठलं? श्पोनकडून बॉडी चढवलेल्या मेबॅकचं मूळ रूप कारखान्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आणि २४० डीमध्ये आकुर्डीचं हेड बसवलं तर तो फेरफार धरायचा की नाही? त्याच रेखाटनावरून, त्याच परवान्यानं झालेलं हेड! मुंबईतले शौकीन अशा गाडीला नाक मुरडतात, इंजिनाचा नंबर कागदाशी जुळतो का हे भिंग लावून बघतात. मी यात पूर्णपणे मेस्त्रीच्या बाजूचा आहे. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिडिस नावाच्या टॅक्सीवाल्यानं १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. एका इंजिनावर नव्हे. इंजिनं आलटूनपालटून बसवत. २००४ मध्ये मर्सिडीजनं ती गाडी मानानं आपल्या संग्रहालयात नेली. खुद्द स्टुटगार्टला चालतं ते आमच्या शुद्धिवाद्यांना का चालू नये?

दुसरा अन्याय पैशांचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांच्या पुनर्नोंदणीचे दर वाढले. साध्या मोटारीला १०,०००, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००, आणि ते दर पाच वर्षांनी. म्हणजे १९७२ ची मर्सिडीज दहा वर्षांसाठी वीस हजारांत सुटते, आणि १९८४ ची तिची धाकटी बहीण पाच वर्षांसाठी चौपट मोजते. धूर हे कारण असतं तर दर धुरावर लावले असते, जन्मस्थानावर नाही. विशीपासून पन्नाशीपर्यंतची तीस वर्षं गाडीनं काढायची कशी, हे कोणी सांगत नाही. त्या काळातच बहुतेक गाड्या भंगारात जातात, आणि मग पन्नाशी गाठलेल्या उरल्यासुरल्यांचं कौतुक होतं. पहिल्या डब्ल्यू १२३ यंदापासून पन्नाशीत येऊ लागतील. वाट बघणाऱ्यांनी कागदपत्रं आत्तापासून जुळवून ठेवावीत. पहिल्या नोंदणीची तारीख सिद्ध करता आली नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

घेणाऱ्यांसाठी थोडं. आमच्याकडचा पाऊस पत्र्याला वाईट. गाडी बघायला गेलात तर इंजिनाच्या आवाजावर भाळू नका, ते होतं दुरुस्त. जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेखालची पट्टी, डिकीचा तळ, सनरूफ असेल तर तिच्या पाणी जाण्याच्या नळ्या, हे आधी बघा. २४० डी घाटात कोणाला मागं टाकणार नाही. ७२ अश्वशक्तीत आंबा घाट चढताना मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

हल्ली तरुण पोरांचा ओढा डब्ल्यू १२४ कडे आहे. मर्सिडीजनं १९९५ मध्ये पुण्यात जोडायला घेतलेली ही पहिली गाडी, त्यामुळे आयातीच्या दरातून सुटते, आणि स्वस्तात मिळते. इथं मात्र उद्यमनगरचा इलाज अपुरा पडतो. नव्वदच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजच्या इंजिनावरच्या वायरिंगचं आवरण उष्णतेनं कडक होऊन भुगा होतं, उघड्या तारा एकमेकींना लागतात आणि कंट्रोल युनिट जळतं. लेथवर बुश कातता येतं, कंट्रोल युनिट नाही. म्हणून डिझेल मिळत असेल तर डिझेलच घ्या. पेट्रोलवरची ई २२० च मनात भरली असेल, तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी इंजिन थंड असताना बॉनेट उघडायला लावा, वायरच्या आवरणावर नख दाबून बघा, आणि तुकडा पडला तर नव्या हार्नेसचे पैसे वजा करूनच भावाला बसा.