धावपट्टी निसरडी होण्याआधीच

विमान जमिनीला टेकतं त्या क्षणी त्याची चाकं फिरत नसतात, हे कधी लक्षात आलंय? वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि चाकं स्थिर! टायर आधी फरफटतो, तापतो, मग चाक गरगरू लागतं. टेकताना उठणारा तो धूर त्याचाच. पण थोडं रबर धावपट्टीला चिकटून मागे राहतं. गजबजलेल्या विमानतळावर दिवसाला शेकडो विमानं, आणि टेकण्याची जागा जवळपास तीच. धावपट्टीच्या खरखरीत अंगावरचे बारीक खळगे हळूहळू बुजतात. कोरड्यात काहीच जाणवत नाही. पाऊस आला, की टायरखालच्या पाण्याला निसटायला वाट उरत नाही.

मग हा धोका रखरखत्या उन्हात ओळखायचा कसा? त्यासाठीची गाडी आपला पाऊस सोबतच आणते! मोजणीच्या चाकापुढे ती एक मिलिमीटर पाणी सोडते, ताशी ६५ आणि ९५ किलोमीटरने धावते आणि चाकाला मिळालेली पकड आकड्यात सांगते. अमेरिकी मार्गदर्शिका म्हणते, धावपट्टीच्या एका टोकाला रोज २१० हून जास्त जेट विमानं उतरत असतील, तर ही मोजणी दर आठवड्याला करा.

ही पकड मोजणाऱ्या म्यू-मीटर नावाच्या यंत्रासाठी ताशी ६५ च्या वेगाला तीन आकडे ठरलेत. नव्या धावपट्टीला ०.७२, किमान मर्यादा ०.४२ आणि या दोहोंच्या मध्ये ०.५२. मला भुरळ घालतो तो हा मधला. ०.५२ ला धावपट्टी धोकादायक झालेली नसते, तरी सफाईची आखणी तिथेच सुरू होते.

बिघाडाआधीच हालचाल करण्याचा हा विचार कारखान्यातला आहे. १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी जेमतेम पानभर टिपणात एक आलेख मांडला. खराब माल निघाल्यावर तो वेचत बसू नका. आकडे नेहमीची चाल कधी सोडतात ते बघा आणि तेव्हाच कारण शोधा. कोकणातला माणूस घर गळायची वाट न बघता मे महिन्यातच शाकारतो, तसंच हे. मुंबई विमानतळही पावसाळ्यापूर्वी, बहुधा मे महिन्यातच, एकमेकींना छेदणाऱ्या दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवून पाहणी-दुरुस्ती करतो. एवढ्या गर्दीच्या विमानतळावर दोन्ही बंद!

रबर काढायला प्रचंड दाबाचे पाण्याचे झोत वापरतात. झोत जास्त झाला, तर खरखरीतपणाच झिजतो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप तेच हातचं जातं. म्हणून सफाईनंतर ती गाडी आपलं पाणी घेऊन पुन्हा धावते आणि नवा आकडा जुन्यांच्या शेजारी नोंदला जातो.