गोठ्यातील प्रतिजैविके आणि आपला रुग्ण

यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर यांच्या शेतीला गाई-म्हशी, शेळ्या व कोंबड्यांची जोड असते. खेड्यात गोठा बहुधा घराला लागूनच असतो. त्यामुळे जनावराला दिलेल्या औषधाचा परिणाम जनावरापुरता मर्यादित राहत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू हा त्यांतील सर्वांत चिंताजनक परिणाम होय. पशुवैद्यकाचा विषय म्हणून आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी तो बाजूस ठेवणे योग्य नव्हे.

प्रतिजैविकाने दुर्बळ जीवाणू नष्ट होतात. प्रतिकारक्षम तेवढे उरतात व वाढतात. अपुरी मात्रा, अर्धवट सोडलेला उपचार, किंवा निरोगी पशूंना केवळ वजनवाढीसाठी खाद्यातून दिलेले औषध यांमुळे ही निवड बळावते. शिवाय प्रतिकाराचे जनुक एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे असे एमसीआर-1 जनुक डुकरे, विक्रीचे मांस व रुग्ण या तिन्हींत आढळल्याचे चीनमधील संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केले. कोलिस्टिन हे इतर औषधे निष्फळ ठरल्यावर वापरावयाचे अखेरचे औषध. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नोत्पादक पशू व कुक्कुटपालनासाठी त्यावर बंदी घातली. 2025 साली क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांवरही अशीच बंदी आली.

हे जीवाणू मनुष्यापर्यंत येतात ते कच्चे दूध, अर्धवट शिजलेले मांस व अंडी, दूध काढणाऱ्याचे हात, उकिरड्यावरील शेणखत आणि दूषित पाणी यांवाटे. चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात जल व देश यांच्या दुष्टीचा विचार केला आहे, त्याचे स्मरण येथे होते.

दुधाच्या बाबतीत दोन गोष्टी भिन्न आहेत. उकळल्याने जीवाणू मरतात. परंतु औषधाचा अंश पूर्णपणे नाहीसा होईलच असे नाही. कासदाह, म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीतील 'दगडी', झाल्यावर सडात औषधाची ट्यूब सोडतात आणि पुष्कळदा त्याच दिवसाचे दूध विकले जाते. 2012 पासूनच्या नियमानुसार पशुऔषधाच्या वेष्टनावर दूध, अंडी वा मांस किती काळ वापरू नये हे लिहिणे आवश्यक आहे. विशिष्ट कालावधी निश्चित झालेला नसल्यास दूध व अंड्यांसाठी तो किमान 7 दिवस व मांसासाठी 28 दिवस धरावा लागतो.

औषधविक्रेत्यांस आमची विनंती अशी की, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देऊ नये आणि देताना हा कालावधी ग्राहकास मराठीत समजावून सांगावा. गावापासून पशुवैद्यकीय दवाखाना दूर असला की पशुपालक प्रथम दुकानाच्या पायरीवरच येतो. म्हणून तेथील दोन वाक्ये मोलाची ठरतात.

वैद्यांनी मूत्रमार्गाचा दाह, चिघळलेला व्रण वा दीर्घकाळचा अतिसार नेहमीच्या उपचाराने बरा होत नसेल तर घरी जनावरे आहेत काय, हे अवश्य विचारावे. नमुना कल्चर व संवेदनशीलता तपासणीस पाठवावा; अंदाजाने प्रतिजैविके बदलत राहू नये. कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा प्रसार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने केला आहे. आरंभीच्या अवस्थेत त्याचा उपयोग सुचविता येईल. मात्र ज्वर असेल, दुधात रक्त वा पू दिसत असेल, तर पशुवैद्यकास विनाविलंब बोलवावे. वनौषधीच्या भरवशावर जनावर गमावलेला शेतकरी पुढच्या वेळी थेट इंजेक्शनच मागेल, हे आपण ध्यानात ठेवावे.