संकरित दुधाळ गाईंच्या संक्रमण काळातील पूरक पोषण : एक विवेचन

प्रस्तावना :
पश्चिम महाराष्ट्रातील अल्पभूधारक कुटुंबाच्या अर्थकारणात दोन-तीन संकरित गाईंच्या दुधाला महत्त्वाचे स्थान आहे. विण्याच्या सुमारास गाय आजारी पडल्यास त्या वेताचे दूध तर घटतेच, शिवाय घरखर्च व कर्जाचे हप्तेही अडचणीत येतात. विण्यापूर्वीचे ३ व त्यानंतरचे ३ आठवडे या कालावधीस 'संक्रमण काळ' म्हणतात. या काळातील पूरक पोषणाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कॅल्शियमचे संतुलन :
गाईच्या रक्तद्रवात एका वेळी सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम असते. १० लिटर चिकातून मात्र २० ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते. ही तूट हाडांतील साठ्यातून व आतड्यातील शोषणातून त्वरित भरून न निघाल्यास गाय थरथरते, तिचे कान थंड पडतात व मान कुशीकडे वळवून ती बसून राहते. यास 'दुग्धज्वर' म्हणत असले तरी त्यात ताप नसतो.

गाभण गाईला शेवटच्या आठवड्यांत भरपूर कॅल्शियम पाजल्यास दुग्धज्वर टळतो, हा समज शास्त्रीय दृष्ट्या चुकीचा आहे. बाहेरून कॅल्शियम विपुल मिळाल्यास पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावते आणि ऐन गरजेच्या वेळी हाडांतील साठा मोकळा होत नाही. लसूणघासात कॅल्शियम व पोटॅशियम दोन्ही अधिक असल्याने या काळात त्याचे प्रमाण मर्यादित ठेवणे इष्ट ठरते. पोटॅशियममुळे रक्ताची अल्कधर्मिता वाढते व ग्रंथीच्या संप्रेरकास शरीराचा प्रतिसाद घटतो. म्हणूनच विण्यापूर्वी अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट यांसारखे ऋणभारित क्षार खुराकातून देतात. विल्यानंतर हे क्षार बंद करून कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण सुरू करावे लागते. उसाच्या वाढ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे केवळ वाढ्यावर पोसलेल्या गाईंबाबत अधिक दक्षता आवश्यक असते.

ऊर्जेची तूट :
विल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, परंतु भूक त्या गतीने वाढत नाही. परिणामी शरीरातील चरबी वितळून यकृतावर ताण येतो व कीटोसिस उद्भवतो. प्रॉपिलीन ग्लायकॉलपासून यकृतात ग्लुकोज तयार होत असल्याने ते उपयुक्त ठरते. गूळ घालून शिजवलेल्या बाजरीची परंपरा रुचकर आहार म्हणून योग्य आहे. तथापि गुळातील साखर कोठीपोटातच आंबत असल्याने तो प्रॉपिलीन ग्लायकॉलला पर्याय ठरत नाही. खुराक एकदम न वाढवता क्रमाक्रमाने वाढवावा, अन्यथा आम्लता होते.

निष्कर्ष :
पूरक पोषणात मात्रेइतकेच वेळेलाही महत्त्व आहे. गाय बसल्यास तिला तोंडाने औषध पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शिरेतून कॅल्शियम देणे पशुवैद्यकाचेच काम आहे. ते वेगाने दिल्यास हृदय बंद पडू शकते. विण्यापूर्वीच्या ३ आठवड्यांतील नियोजनाने हा प्रसंग बव्हंशी टाळता येतो, हे ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.